पवर्गाने दगा दिला तेव्हा

गेल्या वर्षीची गोष्ट. जून संपत आला होता, शाळा नुकती सुरू झाली होती. सकाळी चूळ भरली तर पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं. चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग झोपलेला आणि डावा घाबरलेला.

सासूबाई म्हणाल्या, "वारं गेलं तोंडावरून," आणि जायफळ उगाळायला बसल्या. माझ्या डोक्यात एकच शब्द: अर्धांगवायू. नवऱ्याने रिक्षा केली आणि भांडुपमधल्याच एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी हातपाय तपासले, मग म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." उजवीकडे एकही आठी पडली नाही, आणि ते चक्क निर्धास्त झाले. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ वाचतं. माझं कपाळही गेलं होतं, म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, चेहऱ्याकडे जाणाऱ्या सातव्या नसेत होता. बेल्स पाल्सी. (कपाळ गेलं म्हणून नशीबवान निघालेली मी पहिलीच असेन.) पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर फायदा जास्त, म्हणून त्याच दिवशी सुरू झाल्या. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यासाठी दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर टेप. "बहुतेक लोक तीन ते सहा महिन्यांत बरे होतात," डॉक्टर म्हणाले. त्या "बहुतेक"ला धरून मी दिवस काढले.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "थोडक्यात निभावलं." खरंच होतं ते. पण त्यामुळे रडायची सोयच उरली नाही. जे निभावलं त्यासाठी कोण रडतं?

मला रूपाचं दुःख नव्हतं, म्हणजे होतं, पण ते नंतर. आधी झालं ते हे, की चेहरा भलतंच बोलायला लागला. लेडीज डब्यात एका बाईंना जागा द्यायला उठले, हसले. त्या फणकारल्या, "द्यायची नसेल तर नका देऊ, तोंड कशाला वाकडं करता?" बेचाळीस वर्षं हा वाक्प्रचार वापरला, शिकवला, आणि त्या दिवशी घाटकोपर ते दादर मला त्याचा अर्थ समजत राहिला. त्यात उजव्या कानाला प्रत्येक आवाज दुप्पट वाटायचा. कानातला एक इवलासा स्नायूही याच नसेवर चालतो. गाडीचा हॉर्न वाजला की मी दचकायची.

मग मास्क लावला. कोविडनंतर मास्कबद्दल कोणी विचारत नाही, ती एक सोय झाली आहे. घरी बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला.

पण मी मराठीची शिक्षिका. ऑगस्टमध्ये सातवीला वर्णांची उच्चारस्थानं आली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य पार पडले. ओष्ठ्य आले आणि मागच्या बाकावरून आवाज, "बाई, मास्कमधून ओठ दिसत नाहीत." मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. मग मास्क काढला आणि म्हणाले, प फ ब भ म हे दोन्ही ओठ नीट मिटल्याशिवाय होत नाहीत. माझे मिटत नाहीत, बघा. "प" म्हटलं तर उजवीकडून नुसती हवा निघाली. कुणीतरी खुदकन हसलं. एकीने विचारलं, "दुखतं का?" दोन महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला होता. "नाही. पण वाईट वाटतं," मी म्हणाले, आणि हेही मी पहिल्यांदाच बोलत होते.

त्याच आठवड्यात टॉवेल काढला, कारण फिजिओथेरपीच्या ताईंनी आरशासमोर दहा-दहा मिनिटांचे व्यायाम दिले होते. जोर लावायचा नाही, हळूहळू. मला पहिल्याच दिवशी रडू कोसळलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "रडताना नीट बघा, उजवा कोपरा हलतोय का." हलत होता, तिळाएवढा.

गणपतीत मात्र मी मागे उभी राहिले. "गणपती बाप्पा मोरया"त किती ओष्ठ्य आहेत हे मोजायची वेळ आजवर कधी आली नव्हती. मुलगा शेजारी येऊन माझ्या वाटचंही ओरडला.

डिसेंबरपर्यंत बरंच परतलं. सगळं नाही. नस पुन्हा वाढताना काही तंतू चुकीच्या स्नायूंना जाऊन जुळतात, त्यामुळे आता "प" स्पष्ट येतो पण त्याच वेळी उजवा डोळा अर्धा मिटतो. मुलं म्हणतात, बाई पवर्गाला डोळा मारतात. वर्गात मी हसते. जेवताना चारचौघांत अजून जमत नाही, आणि डब्यात खिडकीची जागा मिळाली तर उजवी बाजू खिडकीकडे येईल अशीच बसते.