आधी वायर बघा

महिन्याची 20 तारीख आली की सांगलीत नेट जातं असं माझं ठाम मत झालंय. म्हणजे कुठं ना कुठं रोजच जात असणार, पण 20 ला जीएसटीचा 3बी, म्हणजे महिन्याचा हिशोबाचा फॉर्म, ऑनलाइन भरायचा असतो त्यामुळे त्या दिवशी गेलेल्या नेटचा बोभाटा जास्त होतो. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हापासून विश्रामबागेतले टॅक्सवाले काय, मार्केट यार्डातले अडते काय, सगळ्यांचे फोन मला, म्हणजे नेट दुरुस्तीवाल्याला, एकाच दिवशी आणि एकाच सुरात. "दादा, नेट नाय, आहे तसं या."

मी विचारतो, एकाच मशीनचं गेलंय का सगळ्यांचं? उत्तर येतं, "माझं तरी नाय." शेजारच्या टेबलावर मान वळवून बघायला दोन सेकंद लागत नाहीत, पण आपली अडचण असली की माणसाला शेजारचं दिसत नाही हे खरं. एकाचंच गेलं असेल तर वायर नाहीतर ते मशीन, सगळ्यांचं गेलं असेल तर स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जिथं येऊन जुळतात ती पेटी), राऊटर (बाहेरचं नेट आत आणणारी पेटी) नाहीतर बाहेरची फायबर, एवढं कळलं तरी निम्मं काम फोनवरच होतं. दुसरा प्रश्न, काल काय हलवलं? "काय नाय ओ, काल चालू होतं, आम्ही हात पण लावला नाय." तिथं गेल्यावर कळतं की काल संध्याकाळी कपाट आत घेताना टेबल हातभर सरकवलं होतं. पण ते 'हात लावणं' नसतं, ते कपाट घेणं असतं.

टेबलाखाली वाकायला कुणालाच नको असतं. खुर्चीत बसून सेटिंगा उघडायच्या, हे ऑफ करायचं ते ऑन करायचं, अँटीव्हायरसला शिव्या द्यायच्या, ह्यात जरा वट वाटते, आणि खाली जाळीजळमटात वायर ढिली होऊन लोंबत असते. कनेक्टरला नखाएवढी प्लास्टिकची एक जीभ असते, घालताना 'टक' आवाज येतो तो तिचा. ती तुटली की वायर घातल्यासारखी दिसते पण जरा मागं आलेली असते, पोर्टातला दिवा लागत नाही. मग लोक तिथं कागदाची घडी कोंबतात, काडेपेटीची काडी, सेलोटेप, एका अडतीच्या दुकानात तर विझलेल्या उदबत्तीची काडी खोचलेली बघितलीय, आणि चालत होतं ओ! नवा कनेक्टर बसवायचा म्हणजे आतल्या आठ तारा रंगानं लावायच्या, व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्ल्यू, व्हाइट ब्ल्यू, ग्रीन, व्हाइट ब्राऊन, ब्राऊन, हे आता झोपेत विचारलं तरी येतं. गंमत म्हणजे 100 एमबीपीएसच्या स्पीडला त्यातल्या चारच तारा लागतात, त्यामुळे उंदरानं ब्राऊनची जोडी कुरतडली तरी बऱ्याचदा नेट चालूच राहतं, नुसतं गिगाबिटवरनं, म्हणजे 1000 वरनं, 100 वर येतं, आणि मालक महिनोन् महिने कंपनीच्या नावानं बोंबलत बसतो.

यार्डात हळदीच्या सीझनला आणखी वेगळं. पिवळी भुकटी पोर्टात जाऊन बसते, ब्रशनं झाडली की पँट पिवळी. आणि पुढच्या ऑफिसातनं मागच्या गोडावनला वायर ओढायची म्हटली की लोकांना 100 मीटरची मर्यादा सांगून पटत नाही, "अहो वायरच हाय न्हवं, घाला अजून जोड." मध्ये स्विच लागतो म्हटलं की मी धंदा करतोय असं वाटतं.

2019 च्या महापुरानंतर गणपती पेठेत एक बदल झाला. ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी स्विच आणि राऊटर उचलून पार पत्र्याखाली नेऊन ठोकले. शहाणपणाचंच आहे, कृष्णामाईचा भरवसा नाही. पण आता एप्रिलमध्ये पत्रा तापला की तो बिचारा स्विच दुपारी हँग होतो, आणि दिवे बघायला स्टूल मागवावं लागतं, ते स्टूल कायम शेजारच्या दुकानात असतं.

मशीनला 169.254 नं सुरू होणारा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, दिसला की मी सेटिंगला हात लावत नाही. राऊटरकडं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतलाय, म्हणजे लग्नात कुणी या बसा म्हटलं नाही म्हणून पाहुण्यानं मांडवाबाहेर स्वतःच खुर्ची टाकून बसावं तसं. दोष पाहुण्याचा नाही, मधली वायर नाहीतर राऊटर बघायचा. गूगलच्या 8.8.8.8 ह्या पत्त्याला पिंग जातंय, म्हणजे हाक मारली की उत्तर येतंय, पण नावानं साइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरनं पत्ता शोधून देणाऱ्याचा. आणि सगळं बरोबर असून पोर्टल नुसतं 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर कोपऱ्यातली तारीख बघायची, बोर्डावरचा 2032 नंबरचा सेल संपला की मशीन दहा-बारा वर्षं मागं जातं आणि साइटची आजची सर्टिफिकेटं, म्हणजे तिची ओळखपत्रं, त्याला खोटी वाटतात. साध्या सेलचं काम, पण त्यासाठी विंडोज नवीन टाकून घेणारे भेटलेत.

राऊटर बंद करून चालू करा, हा उपाय मला आवडत नाही. चालतो, नाही असं नाही, पण काय झालं होतं ते कळतच नाही आणि पुढच्या 20 तारखेला परत तेच. त्यातनं कुणी उत्साही टाचणी घेऊन मागचं बारीक भोक दाबलं की राऊटर बंद-चालू होत नाही, पार कोरा होतो, मग आयडी-पासवर्डाची चिठ्ठी शोधत सगळं ऑफिस कपाटं उपसतं.

मध्यंतरी एका ऑफिसात सगळंच ठप्प, प्रिंटरसुद्धा, आणि स्विचचे दिवे मात्र येड्यासारखे एकदम लुकलुकत होते. एकेक वायर काढत गेलो तर एका वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. म्हणजे माल आत गोल गोल फिरतोय आणि बाहेर काहीच पडत नाही. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "टोक खाली लोळत हुतं, पायात यायचं कुणाच्या, म्हणून लावलं भोकात." मी म्हटलं, मावशी, असं मोकळ्या भोकात काही लावायचं नसतं. तर त्या केरसुणी आपटत म्हणाल्या, "मग मोकळी भोकं ठेवलीत कशाला?"