दिवाळीपुरता

"काकू, पाणी मिळेल का?"

चौथा मजला, लिफ्ट बंद, हातात तीन पार्सलं. गळ्यात कंपनीची निळी पट्टी होती, पण तिच्या टोकाला नुसताच हुक. कार्ड नाही.

"कार्ड हरवलं का रे?"

"नाही, मी हेल्पर. दिवाळीपुरता. कार्ड ड्रायव्हरला असतं."

"आणि जिन्यात पडलास बिडलास तर?"

"मग उद्या दुसरा येईल," पोरगा हसला. मला काही हसू येईना.

आमचे आबा मार्केट यार्डात हमाल. त्यांचा पितळी बिल्ला अजून देवघराच्या फळीवर आहे, आई दसऱ्याला चिंचेने घासते. हमालांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक टक्के रक्कम, माथाडी मंडळात भरणं मालकाला भाग पडलं. त्यातून फंड, बोनस, रजेचे पैसे. मालक बदलले तरी आबांचा हिशेब मंडळाच्या वहीत राहिला. फुकट नाही मिळालं ते, संघटनेने भांडून घेतलेलं.

ओझं तेच. तेव्हा पोतं, आता खोकं.

खालून हॉर्न वाजला. तांब्या चपलांच्या कपाटावर ठेवून पोरगा दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

भाऊबीजेनंतर त्याचं नाव कुठल्या वहीत असेल?