जुना पासवर्ड मेलने परत आला तर

'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं आणि तुमचा जुनाच पासवर्ड मेलमध्ये जसाच्या तसा आला, तर त्या वेबसाइटवर विसंबू नका. तिला तो परत सांगता येतो, म्हणजे तिच्याकडे तो वाचता येईल किंवा परत उलगडता येईल अशा रूपात पडून आहे. नीट बांधलेली वेबसाइट फक्त हॅश ठेवते, म्हणजे पासवर्डावरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ. हॅशवरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही, म्हणून ती नवा पासवर्ड ठरवायची लिंक पाठवते. ही लिंक एकदाच चालणारी आणि थोड्या वेळात बाद होणारी हवी.

'आम्ही एन्क्रिप्ट करतो', म्हणजे किल्लीने उलगडता येईल अशा गुप्त रूपात ठेवतो, एवढ्यावर समाधान मानू नये. 2013 मध्ये ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या 15 कोटींहून जास्त नोंदी फुटल्या, त्यातले पासवर्ड एन्क्रिप्टच केलेले होते: ट्रिपल डीईएस हे जुनं एन्क्रिप्शन, ईसीबी पद्धत (सारख्या मजकुराचं रूप दरवेळी सारखंच), सगळ्यांना एकच किल्ली. त्यामुळे ज्यांचा पासवर्ड सारखा, त्यांची नोंदही हुबेहूब सारखी. शेजारी लोकांनी स्वतःला आठवण म्हणून लिहिलेली हिंट, तीही साध्या मजकुरात. सारखी नोंद असलेल्या हजारांपैकी एकाने हिंटमध्ये पासवर्डच लिहून ठेवला, की उरलेल्या सगळ्यांचा उघडा पडला. किल्लीची गरजच लागली नाही. प्रत्येक खात्याला वेगळा सॉल्ट (हॅश करताना पासवर्डात मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) आणि बीक्रिप्टसारखा मुद्दाम संथ हॅश असता, तर एकेका पासवर्डासाठी वेगळी झटापट करावी लागली असती.

'कमाल 12 अक्षरं' ही अटही शंकास्पद. पासवर्ड 8 अक्षरी असो की 40, बीक्रिप्टचा निकाल 60 अक्षरांचाच येतो. जागा वाचवण्याचं कारण उरत नाही. पेस्ट बंद करणं तर उघड नुकसानीचं, कारण त्याने पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड बनवून साठवणारं ॲप) वापरणारे अडतात आणि माणसं टाइप करायला सोपं, म्हणजे ओळखायला सोपं काहीतरी निवडतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितलं होतं: पासवर्ड निदान 64 अक्षरांपर्यंत लांब असला तरी स्वीकारा, पेस्ट चालू द्या, ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको.

जुना पासवर्ड सांगणारा मेल आलाच, तर तोच पासवर्ड जिथे जिथे आहे तिथे आधी बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या रीसेट लिंक तिथेच येतात. मग त्या वेबसाइटवर मॅनेजरने बनवलेला, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, साठवलेलं कार्ड काढा आणि तो मेल ट्रॅशमधूनही पुसा.