लाल टिकली, काळी टिकली

सासूबाई २००८च्या मे महिन्यात आमच्याकडे न्यू जर्सीला, एडिसनला आल्या, तेव्हा त्यांच्या दोन बॅगांत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमच्या लेकीसाठी दोन परकर-पोलकी आणि बावीस सीड्या होत्या. त्यात व्हीसीडी होत्या, डीव्हीडी होत्या, पण त्यांच्या लेखी जे गोल, चकचकीत आणि मध्ये भोक असलेलं, ती सीडी. आदल्या वर्षी मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्यापासून बाजारात सगळ्यांच्याच किमती कोसळल्या होत्या. सासूबाईंनी सांगलीत मेथीची जुडी घ्यावी तशा सीड्या घेतल्या होत्या.

"सहा महिने मी करू काय गं इथं? तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. म्हटलं, नाटकं तरी बघीन."

मी गप्प बसले. कारण आमच्या घरातल्या प्लेअरचा स्वभाव मला दोन वर्षांपासून माहीत होता.

२००६ साली आम्ही आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात हौसेने आमच्या लग्नाची डीव्हीडी लावली होती. शेजारच्या तेलुगू जोडप्याला जेवायला बोलावलं होतं आणि त्यांना आमच्याकडचं लग्न बघायचं होतं. डीव्हीडी सांगलीच्या फोटोग्राफरने करून दिलेली, वर आमचा दोघांचा गुलाबाच्या चौकटीतला फोटो (ती चौकट मी मागितली नव्हती). चकती आत गेली, प्लेअर गुरगुरला आणि टीव्हीवर मंगलाष्टकं सुरू झाली. आवाज ठणठणीत. चित्र मात्र काळं-पांढरं, आणि खालून वर सरकत चाललेलं. आधी भटजींचं डोकं वर गेलं, मग आंतरपाट, मग माझ्या मामांचे हात, मग एक जाड काळी पट्टी, की पुन्हा भटजींचं डोकं. पाहुणे फार सज्जन. ते म्हणाले, "जुनं शूटिंग छान वाटतं." लग्न २००४चं होतं.

त्या रात्री नवऱ्याने ठामपणे सांगितलं, "रीजन कोड." तेव्हा सगळे तेच म्हणायचे. परदेशात काही लागलं नाही की रीजन कोड. आणि ते चूक होतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

रीजन कोड म्हणजे डीव्हीडीच्या कव्हरमागे पृथ्वीच्या छोट्या गोळ्यावर जो आकडा छापलेला असतो तो. जगाची वाटणी केलेली आहे. अमेरिका आणि कॅनडा १ नंबर. युरोप २, आणि जपानही २. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४. चीन एकटा ६. आपण ५ नंबरमध्ये, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेबरोबर. ७ राखून ठेवलेला आणि ८ विमानांसाठी, जहाजांसाठी. प्लेअर ज्या देशात विकायचा त्याचा आकडा त्याच्या पोटात भरलेला असतो. चकतीचा आकडा वेगळा निघाला की तो ती वाचतच नाही. हे हॉलिवूडचं गणित. सिनेमा आधी अमेरिकेत लागायचा, मग काही महिन्यांनी बाकीच्या जगात. तोवर अमेरिकेत डीव्हीडी आली आणि ती बाहेर पोचली तर तिथली थिएटरं रिकामी राहायची, म्हणून हे कुंपण.

बरं, असेल. पण सांगलीच्या माणसाने घरी डीव्हीडी लिहिली तर तिला कुठला रीजन? काहीच नाही. घरी लिहिलेल्या चकतीला रीजन नसतो. व्हीसीडीला तर ही भानगडच कधी नव्हती. मग आमचं लग्न वर का सरकत होतं?

ते पाल आणि एनटीएससी या टीव्हीवर चित्र दाखवायच्या दोन पद्धतींचं भांडण. दूरदर्शन एशियाडच्या वर्षी, १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीने. सेकंदाला २५ चित्रं, चित्रात ६२५ रेघा. अमेरिकेत एनटीएससी, जवळजवळ ३० चित्रं, ५२५ रेघा. मूळ विजेत आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेरे घेते, तिकडे ६०, आणि टीव्हीवाल्यांनी सुरुवातीला त्याच ठेक्यावर चित्र बसवलं. आमचा प्लेअर बिचारा पाल चित्र जसंच्या तसं पुढे ढकलत होता आणि अमेरिकन टीव्हीला तो ताल येत नव्हता. त्याने रंग सोडले, चित्र धरता येईना म्हणून तेही सोडलं. रीजन कोडला आम्ही उगीच शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी तरी उगीच.

गंमत म्हणजे एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात भाड्याने मिळणाऱ्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी आमच्याकडे बिनतक्रार लागायच्या. त्यांच्या पाठीवर 'एनटीएससी, ऑल रीजन्स' असं छापलेलंच असायचं. हिंदी सिनेमावाल्यांना परदेशातलं गिऱ्हाईक पक्कं माहीत होतं. मराठी चकत्यांच्या नशिबात ते नव्हतं. त्या कुणी विमानात बसतील असं काढणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

तर सासूबाईंच्या बावीस सीड्या. पहिल्या रविवारी त्या सोफ्यावर बसल्या आणि मी एकेक लावत गेले. तीन डीव्हीडींवर ५चा गोळा होता. त्यांना प्लेअरने तोंडावर सांगितलं की रीजन तपासा. बाकीच्या ऑल होत्या, पण पाल, म्हणून काळ्या-पांढऱ्या सरकत्या. व्हीसीडीही तशाच. बावीसपैकी धड लागली एकच, बालगीतांची, आणि ती लेकीने आधीच तोंडपाठ केलेली.

"तुमच्या मशीनला मराठी कळत नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

मग नवऱ्याने लॅपटॉप काढला. ५चा गोळा असलेली चकती घातल्याबरोबर त्याने विचारलं, ड्राइव्हचा रीजन बदलू का? आणखी तीन वेळा बदलता येईल. नवऱ्याने बदलला. नाटक लागलं, सासूबाई खूश. दुसऱ्या दिवशी लेकीचं कार्टून लावायला त्याने पुन्हा १ केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ५. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर नवरा विंडोज फॉरमॅट करत बसलेला. संधी संपल्या होत्या. त्याला वाटलं, कॉम्प्युटर नव्याने बसवला की मोजणीही नव्याने सुरू होईल. नाही होत. २०००नंतरच्या ड्राइव्हमध्ये ही मोजणी ड्राइव्हच्या स्वतःच्या डोक्यात असते, विंडोजला तिथे कुणी विचारत नाही. पाच वेळा झालं की शेवटी जिथे थांबलात ते तुमचं कायमचं गाव. आमचा लॅपटॉप असा न्यू जर्सीत बसून जन्मभरासाठी भारतीय झाला. व्हिसाच्या रांगेतल्या आमच्यासारख्यांना त्याचा हेवा वाटला नाही.

कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी होतंच, पॅरिसच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं. ते रीजनची फारशी पर्वा करत नाही, पण त्या हट्टी ड्राइव्हपुढे कधी चालायचं, कधी नाही. शिवाय लॅपटॉपभोवती तीन माणसं आणि मांडीवर तीन वर्षांची पोर असं नाटक बघणं म्हणजे एसटीतल्या तिघांच्या सीटवर चौथा.

सुटका झाली ती नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्यामुळे. त्याच्या घरी ६ नंबरचं तेच दुखणं. त्याने सांगितलं, ब्रँडेड भारी काही घेऊ नका, फिलिप्सचा स्वस्तातला घ्या. साठेक डॉलरचा, पाटासारखा चपटा प्लेअर आला. तो पालचं एनटीएससी स्वतः करून द्यायचा. आणि रीजनसाठी होता मंत्र. सेटअपमध्ये जायचं, प्रेफरन्सच्या पानावर यायचं आणि रिमोटवरून १३८९३१ दाबायचं. मेनूत कुठेही न लिहिलेला एक आकडा पडद्यावर उगवायचा. आमच्याकडे १ आला. खालचा बाण दाबत ० केला, ओके. झालं. इतका वेळ जे कुंपण अमेरिका-भारत एवढं रुंद वाटत होतं, ते सहा बटणांचं निघालं. बनवणाऱ्यांनी सगळ्या जगासाठी एकच यंत्र बनवायचं आणि शेवटी पोटात आकडा घालायचा, तर तो बदलायची खिडकी ठेवावीच लागणार ना.

सासूबाईंनी तो आकडा देवघरातल्या कॅलेंडरवर, चतुर्थीच्या चौकोनात लिहून ठेवला.

त्यानंतर त्यांनी व्यवस्था हातात घेतली. पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली आणि प्रत्येक कव्हरवर टिकली लावली. लाल टिकली म्हणजे फिलिप्सवर लागते. काळी म्हणजे नाही लागत, कारण दोन-तीन चकत्या प्रवासात ओरखडून आल्या होत्या आणि त्यांना कुठलाच रीजन वाचवू शकणार नव्हता. सीडीवर नाही, कव्हरवरच लावा, एवढंच मी सांगितलं. मे ते ऑक्टोबर दुपारी दोन वाजता आमच्या हॉलमध्ये तिसरी घंटा व्हायची. व्हीसीडीवर नाटक दोन किंवा तीन चकत्यांत येतं, त्यामुळे मध्यंतर नाटककाराने ठेवलं तिथे नाही, चकती संपली तिथे. भर भांडणात पात्रं थिजायची आणि सासूबाई उठून चहा टाकायच्या.

एक गोष्ट मात्र नवऱ्याने पकडली, त्याबद्दल त्याला मार्क. तो पेटी वाजवतो. एका जुन्या हिंदी सिनेमाची एक डीव्हीडी ओक ट्री रोडवरची होती आणि एक सासूबाईंनी आणलेली. गाणं लागलं की हा मागे पेटी घेऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, "आईच्या सीडीत हे गाणं चढं आहे." मला वाटलं, झालं, आता हा पेटीच्या सुरांना दोष देण्याऐवजी डीव्हीडीला देतोय. पण त्याचं खरं होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढतात. पालला हवीत २५. बऱ्याचदा पालवाले सरळ सिनेमा तेवढ्या वेगाने पळवतात, म्हणजे सुमारे चार टक्के जास्त. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि सगळे आवाज वर सरकतात. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने निघतं आणि पोचायच्या आधीच थांबतं. पेटीवर ते कुठल्याच पट्टीत सापडत नाही. म्हणजे लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या कित्येक सिनेमांतली गाणी आपण थोडी चढीच ऐकली असणार. हे कळल्यावर नवरा दोन दिवस उदास होता.

२०११ साली आम्ही पुण्याला परत आलो आणि सगळं उलटं झालं. आता लेकीची तीसेक कार्टूनं १ नंबरची. इथल्या टीव्हीने एनटीएससी चित्र मुकाट्याने घेतलं, आपल्याकडचे टीव्ही त्या बाबतीत मोठ्या मनाचे. अडला तो प्लेअर. माहेरून मिळालेला चांगल्या नावाचा, ५ नंबरचा. त्याला ना मंत्र, ना खिडकी. फिलिप्स आम्ही बरोबर आणला होता, पण त्याच्या पाठीवर १२० व्होल्ट लिहिलेलं. म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणायला गेले. दुकानदाराने तो काउंटरवर ठेवला तर वरवंट्यासारखा दणका झाला.

"कशाला लावणार हा?" त्याने विचारलं. सांगितलं.

"ताई, ट्रान्सफॉर्मर नका घेऊ. हा न्या." मागच्या फळीवरून त्याने एक बिननावाचा प्लेअर काढला. नाव होतं म्हणा, पण ते दुसऱ्या एका मोठ्या नावात एक अक्षर जास्त घालून केलेलं. "यात कुठलीपण टाका."

"रीजन?"

"ते काय असतं?"

दीड हजारांत घेतला. अमेरिकेची लागली, भारताची लागली, नवऱ्याने सिंगापूरहून आणलेली ३ नंबरची लागली. रीजन नावाची गोष्ट जगात आहे, हे त्या प्लेअरला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो मेला तीन-चार वर्षांपूर्वी. आता घरात एकाही कॉम्प्युटरला चकती घालायला फट नाही. गेल्या महिन्यात माळा काढला तेव्हा कव्हरं सापडली, टिकल्यांसकट. लाल टिकल्यांचा रंग गेलाय, डिंक नाही गेला. सासूबाई सांगलीला असतात, ब्याऐंशी वर्षांच्या. फोनवर सांगितल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "ती तीन सीड्यांची आहे का? लाल टिकलीची?"

यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागवला. लेकीचं कार्टून घातलं तर त्यानेही विचारलं, रीजन कुठला ठेवू? मी 'रद्द'वर बोट ठेवून ते बाहेर काढलं. आता तेवढी अक्कल आली आहे. व्हीसीडी तो काही न विचारता वाचतो. तीन चकत्यांवरच्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवल्या, सांगलीला जाणाऱ्या दिराबरोबर पाठवल्या. रात्री फोन. टीव्ही म्हणतोय, फाइल चालत नाही.

चूक माझी. व्हीसीडीतल्या सिनेमाच्या फाइलचं नाव 'डॅट'ने संपतं, आणि नवे टीव्ही ते बघून पाठ फिरवतात. शेवटचं 'डॅट' काढून तिथे 'एमपीजी' लिहिलं की बहुतेक वेळा काम होतं. दिराला ते फोनवर समजावत होते तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला. येत्या शनिवारी मीच जाणार आहे, लॅपटॉप घेऊन. तोवर पेनड्राइव्हला त्यांनी काळी टिकली लावून ठेवली आहे.