पाणी आलं का?

"ताई, पाणी आलं का?"

पहाटेचे साडेचार. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातलं शिबिर, माझ्या खोलीत दहा मुली. नऊ जणी गाढ झोपेत आणि ही एवढीशी पोर दाराशी उभी, हातात रिकामी बाटली.

म्हटलं, "अगं, इथे दिवसभर असतं. झोप."

तिला पटेना. नळ सोडला, धारेखाली बोट धरून पाहिलं, घट्ट बंद केला. तरी बाटली भरून उशाशी ठेवलीच. "आमच्याकडे पाचला जातं. आईची रात्रपाळी असते ना, मग मीच भरते."

काल दुपारीच मी उत्साहाने सांगितलं होतं, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी याच जंगलात आहेत, विहार तर १८६० सालचा! सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही.

हे पाणी तिच्या दारापाशी पोचेपर्यंत एवढं आटतं कुठे?

आज शिबिर संपलं. आत्ता भांडी घासायला नळ सोडला आणि ते धारेखालचं बोट आठवलं. उद्या पहाटे तिला कोण म्हणेल, "झोप गं, मी भरते"?