चढलेलं पाणी, गढूळ पाणी आणि ट्राऊट : सीझनच्या सुरुवातीचं अपडेट

पाणी अजून चढलेलंच आहे, रंग दुधाळ हिरवट, गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक जेमतेम दिसतं. एवढं दिसलं तरी मी ट्राऊट माशासाठी फ्लाय फिशिंगचा (हुकवर बांधलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे धरायचा) रॉड जोडतो, पण पाणी चॉकलेटी होऊन फांद्या वाहायला लागल्या की सरळ घरी.

यंदा सगळा जोर काठावर दिलाय आणि फरक पडतोय. प्रवाह तगडा असला की ट्राऊट मधल्या धारेत ताकद घालवत बसत नाही, तो काठाला, बुडालेल्या मुळांपाशी, मोठ्या दगडाच्या मागे नाहीतर वळणाच्या आतल्या बाजूला जिथं पाणी संथ असतं तिथं येऊन थांबतो. म्हणजे जिथं आपण पाय टाकणार तिथंच! म्हणून आधी बाहेर उभं राहून काठालगतचा मीटरभर पट्टा पूर्ण खेळून घ्यायचा, मगच पाण्यात उतरायचं, आणि या दिवसांत पलीकडे जायचा हट्ट तर नकोच.

फ्लाय मोठी आणि गडद. ८ नंबरच्या हुकवरची काळी वूली बगर (पिसांची झुपकेदार फ्लाय), रबरी पायांची स्टोनफ्लाय निम्फ (पाण्यात वाढणाऱ्या स्टोनफ्लाय किड्याच्या पिल्लाची नक्कल), आणि पाणी चढत असेल तर सॅन वान वर्म (गांडुळाची नक्कल), कारण तेव्हा काठ खचून गांडुळं खरंच वाहून येतात (नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत). अशा पाण्यात आकृती उठून दिसली पाहिजे, शिवाय हालचाल माशाला लॅटरल लाईनमुळे (अंगाच्या बाजूची, पाण्यातली कंपनं टिपणारी रेषा) न बघताही जाणवते. टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा) ३एक्स जाडीचा, बारीक टिपेटची गरजच नाही.

खरी गोम ड्रिफ्टमध्ये, म्हणजे फ्लाय प्रवाहासोबत वाहू देण्यात. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, त्यामुळे इंडिकेटर (लाईनवरची तरंगती खूण) पुढे पळतो आणि निम्फला ओढत नेतो, म्हणून मी आता टाईट लाईनवरच आहे (इंडिकेटर न लावता लाईन ताणून धरायची), फ्लायवर जड टंगस्टन बीड (मणी), लाईन पाण्याच्या वर आणि सायटर (लाईनचा नजरेत भरणारा रंगीत तुकडा) फेसापेक्षा जरा हळू चालला पाहिजे. तळ लागतच नसेल तर फ्लाय बदलायच्या आधी वजन बदला. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, लांब येत नाही, म्हणून एकाच जागी वीतभर सरकवत परत परत ड्रिफ्ट द्यायचा, कंटाळा आला तरी.

वर डोंगरात बर्फ असेल तर कडक उन्हाच्या दिवशी दुपारनंतर वितळलेलं पाणी येतं आणि ओढा उलट गार होऊन परत चढतो, तेव्हा त्याआधी उरकायचं. बाकी पाणी उतरायला लागून रंग निवळत असेल तर तो दिवस सोडू नका, सगळ्यात जास्त टेक (माशाने फ्लाय तोंडात घेणं) तेव्हाच मिळतायत.

पुढच्या वेळी तीच बगर जिगहुकवर (टोक वरच्या बाजूला राहणारा हुक) बांधून बघणार, तळाला अडकणं कमी होतं का ते कळेल.