तुम्ही विचारलंत म्हणून : कोल्हापुरात तुमचं कोण आहे?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की समोरच्याने घसा खाकरला की तो येणार हे मला आधीच कळते. मुंबईतल्या जुन्या सहकारी विचारतात, लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, आणि मार्केट यार्डातील ज्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते तिथे गूळ घेऊन येणारे शेतकरीही विचारतात. माहेर इथले नाही, लग्न केले नाही म्हणजे सासरही नाही; मग बावन्नाव्या वर्षी ही बाई एकटीच इथे कशाला आली? पुष्कळ दिवस मी “देवीने बोलावले” असे सांगून सुटका करून घेत असे. कोल्हापुरात हे उत्तर चालते; फार तर मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव पाहिलात का, एवढेच पुढे विचारतात. मागच्या महिन्यात मात्र एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने हेच विचारले. ती स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाव बदलण्याचा विचार करीत होती, त्यामुळे तिची बोळवण अंबाबाईवर भार टाकून करणे मला बरे वाटले नाही. तिला फोनवर जे तुटक सांगितले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

मी एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीत होते. सुरुवातीची बरीच वर्षे १९८ या क्रमांकावर लोकांच्या बंद पडलेल्या फोनच्या तक्रारी ऐकण्यात गेली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी आम्ही हजारो जण एकाच दिवशी घरी गेलो. योजनेचा हिशेब असा होता, की झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी पस्तीस दिवसांचा पगार आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंचवीस दिवसांचा. माझी जवळजवळ नऊ वर्षे उरली होती. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते, कारण पुढच्या वर्षांचा भाव मागच्या वर्षांपेक्षा कमी लावलेला मी प्रथमच कागदावर पाहत होते.

आई त्याआधी दीड वर्षापूर्वी गेली होती. तिच्या शेवटच्या आजारपणात नोकरी आणि घर यांपलीकडे मला काही नव्हते, आणि आता दोन्ही संपले होते. भाऊ आणि वहिनी दोघेही चांगले आहेत. “तू आमच्याकडेच राहा, आता तुला कसली घाई आहे?” असे भाऊ मनापासून म्हणाला. पुढे टाळेबंदी आली आणि मी दहा महिने त्यांच्याकडे राहिले. त्या दहा महिन्यांत माझ्या लक्षात आले की घरातील प्रत्येक न होणारे काम हळूहळू माझ्याकडे सरकत आहे: गॅसचा सिलिंडर यायचा आहे, भाचीच्या ऑनलाइन शाळेकडे लक्ष द्यायचे आहे, वहिनीच्या आईला दवाखान्यात न्यायचे आहे. कोणी हुकूम करीत नव्हते, आणि म्हणूनच नकार देता येत नव्हता. मी ‘मोकळी आत्या’ झाले होते आणि त्या पदावरून स्वेच्छानिवृत्ती मिळत नाही. माझ्या जाण्याचे कारण एवढेच आहे. त्यात साहस नव्हते आणि नव्या आयुष्याचे स्वप्नही नव्हते.

कोल्हापूर कसे निवडले, याचे उत्तर आणखी साधे आहे. पुण्यात निम्मे नातेवाईक आहेत; तिथे गेले असते तर नुसता पत्ता बदलला असता. नाशिकला भावाचे सासर. कोल्हापूरला मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री बसले की सकाळी पोहोचता येते, म्हणजे वेळप्रसंगी दुसऱ्या दिवशी हजर होता येईल इतके ते जवळ आणि “जेवायला ये ग” असा फोन कोणी करणार नाही इतके दूर होते. भाषा मराठी, ठेवींच्या व्याजात बसेल असे भाडे, आणि ओळखीचे एकही माणूस नाही. ही शेवटची बाब मी त्या वेळी सर्वांत मोठी सोय मानली होती.

ती सोय जेमतेम चार दिवस टिकली. मुंबईत एकाच मजल्यावर वीस वर्षे राहून माणसे एकमेकांची आडनावे विचारत नाहीत. इथे सामानाचा टेम्पो रिकामा होण्याआधीच गाव कुठले, भाऊ किती, स्वयंपाकात मटण करता का, इतकी माहिती गल्लीत पोहोचली होती. मागच्या घरातील काकी वाटीत झुणका घेऊन आल्या आणि माझी कपाटे कुठे लावावीत हे सांगूनच गेल्या. मी दार लावून घेत असे, तर त्या खिडकीतून बोलत. भाषेचीही गंमत झाली. पहिल्या आठवड्यात जिन्यावरून काकींची नात म्हणाली, “मी क्लासला चाललो,” तेव्हा मी तिच्यामागे कोणी मुलगा आहे का म्हणून पाहिले. इथल्या बायकामुली स्वतःबद्दल बोलताना ‘आलो’, ‘गेलो’, ‘जेवलो’ असेच म्हणतात, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. या सगळ्याचा मला तेव्हा त्रासच होत असे, आणि तो मी लपवीतही नसे. काकींची वाटी मी धुऊन, त्यात काही न घालता परत केली होती. ही गोष्ट मला आजही आठवली की अवघडल्यासारखे होते.

घर मी नागाळा पार्काच्या बाजूला तळमजल्यावर घेतले होते. गुडघ्यांमुळे तळमजला हवा होता आणि भाडे आश्चर्य वाटण्याइतके कमी होते. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. मालकांनी पाण्याचा विषय काढला नाही आणि मीही विचारले नाही. नळाला पाणी येते का, एवढे मात्र आवर्जून विचारले होते. ‘पाणी’ या शब्दाचा इथला दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती, आणि माझ्या नव्या रंगाखाली त्या पाण्याची रेघ होती.

२०२१ च्या जुलैमध्ये पाऊस लागला तेव्हा सगळी गल्ली “राधानगरीचे किती दरवाजे उघडले?” यावरच बोलत होती. मला वाटले, धरण तर पन्नासएक किलोमीटर लांब आहे. २२ तारखेच्या रात्री काकी टॉर्च घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, सामान वर घ्या. पाणी विचारून येत न्हाई.” मी म्हणाले, “सकाळी बघते, काकी.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी ‘फोन दुरुस्त होईल, थांबा’ म्हटल्यावर लोक पाहत असतील असे मला पूर्वी वाटायचे. पंधरा मिनिटांत शेजारच्या मंडळाची चार-पाच मुले आली. माझी परवानगी न घेता त्यांनी फ्रीज, गादी आणि आईचे लाकडी कपाट काकींच्या वरच्या मजल्यावर नेले. कपाटाचा एक कोपरा जिन्यात घासला आणि मी चिडून बोललेही. पहाटे पाणी पायरीला लागले होते.

त्यानंतरचे नऊ दिवस मी शिवाजी पेठेत काकींच्या माहेरी राहिले. ज्या घरातील एकाही माणसाला मी त्याआधी पाहिलेले नव्हते, तिथे माझ्यासाठी वेगळी गादी, वेगळा टॉवेल आणि कोरोनाचे दिवस असल्यामुळे वेगळे भांडेही ठेवले होते. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता, उपसा केंद्रे पाण्यात गेल्यामुळे शहरात नळ कोरडे होते आणि टँकरपुढे घागरींची रांग लागत होती. पंचगंगा पुढे नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाही तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी तुंबते आणि पाऊस थांबला तरी दिवसेंदिवस हलत नाही, हे मला त्या घरातल्या आजोबांनी पोळीवर बोटाने नकाशा काढून समजावले. मला त्या नऊ दिवसांत सर्वांत जड काय गेले असेल, तर आयते जेवणे. मी भांडी घासायला उठले की घरातल्या सूनबाई म्हणत, “बसा की, पाव्हण्या तुम्ही.” आयुष्यभर मी करणारी होते आणि त्या करण्याला कंटाळून इथवर आले होते, आता कोणी माझ्यासाठी करू लागले तर कुठे पाहावे ते कळेना. भावाने फोनवर “परत ये” म्हटले तेव्हा मी पहिल्यांदा खरोखर विचार केला, आणि तरी परत गेले नाही. परत गेले असते तर काकींना रिकामी वाटी देणारी बाई एवढीच माझी ओळख इथे राहिली असती.

चिखल काढायला आठवडा लागला. त्याचा वास कसा असतो हे लिहून सांगता येत नाही. फिनेल, चुना, ऊन सगळे केले तरी तो पुस्तकांत राहिला. नंतर मी राजारामपुरीत उंचावर, दुसऱ्या मजल्यावर घर घेतले, आणि गुडघ्यांनी ते मान्य केले.

म्हणून जिने मला विचारले तिला मी पहिले सांगितले ते हे, की आपले घर विकून तिथे लगेच नवे घेऊ नको. एक पावसाळा भाड्याने काढ. घर पाहायला जाशील तेव्हा मालकाला विचारू नकोस, समोरच्या किराणा दुकानदाराला विचार की २०१९ ला पाणी कुठवर आले होते. भाडेकरार नोंदवून घे, कारण बँकेपासून आधारच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे तोच लागतो. मतदार यादीतील पत्ता आठ नंबरच्या अर्जाने बदलतो. कागदांचे काम कंटाळवाणे असले तरी होऊन जाते. दवाखाना मात्र आजारी पडण्याआधी ठरवून ठेव, आणि तातडीच्या वेळी कोणाचा नंबर द्यायचा हा रकाना येईल तेव्हा मुंबईतल्या भावाचा लिहू नको; तो अकरा तासांवर आहे. तो रकाना भरताना मी पहिल्या वर्षी दोनदा अडले होते.

काम मला काकींच्याच ओळखीने मिळाले. दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि तिथून पुढे हंगामभर दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिणे, तोलाई-हमालीचा हिशेब, शेतकऱ्याची उचल वजा करणे. पगार थोडा आहे. पण तक्रार ऐकून घेण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडते, कारण भाव पडला की शेतकरी आधी दिवाणजीवरच रागावतो. उणीवही सांगते: समुद्राचे मासे मला इथे मनासारखे मिळत नाहीत, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पुरुषांना बसायला जशी हक्काची जागा आहे तशी माझ्या वयाच्या बाईला देवळाशिवाय नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात जात असे, तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये नदी पुन्हा धोक्याची पातळी ओलांडून वर गेली. मी सकाळ-संध्याकाळ बंधाऱ्याचा आकडा पाहत होते. काकींना फोन केला, “या की इकडे, वाट कशाची बघताय?” त्या म्हणाल्या, अजून पायरीला लागलेले नाही, उगाच कशाला त्रास. मी म्हणाले, “मी रिक्षा घेऊन आलो, तयार राहा,” आणि ‘आलो’ म्हटल्याचे मला फोन ठेवल्यावर कळले. त्या आल्या त्या दुधाचे पातेले, नातीची पुस्तके आणि चटणीची बरणी घेऊन. सहा दिवस राहिल्या, आणि पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातील डबे त्यांनी त्यांच्या मनाप्रमाणे लावले. ते अजून तसेच आहेत.